पाकिटाचं झाकण आणि आतला कागद : एका बिजागरीचा इतिहास

आजचा विषय मुठीत मावेल एवढा आहे. पातळ पुठ्ठ्याचं एक खोकं, मागच्या बाजूने उघडणारं झाकण आणि आत मालाभोवती गुंडाळलेलं एक वेष्टन. पानाच्या टपरीवर रोज दिसणारं सिगारेटचं पाकीट. त्यातला माल माणूस मारतो, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी या खोक्याच्या रचनेचं कौतुक करू लागलो तर कोणाचा गैरसमज व्हायला नको. पण वस्तूंचा इतिहास बघणाऱ्याला हे खोकं टाळता येत नाही. विसाव्या शतकात एवढ्या मोठ्या संख्येने तयार झालेली, एवढ्या वेळा उघडली-मिटली गेलेली घडीची वस्तू दुसरी सापडणं अवघड आहे. आणि अलीकडे तर कायदे करणाऱ्यांनीही याच झाकणावर आणि याच आतल्या कागदावर कलमं लिहिली. ती वेळ का आली, हे आज बघू.

सुरुवात १८८०च्या आसपास करू. तोपर्यंत सिगारेट हाताने वळली जायची. चांगला हात बसलेला कामगार दिवसाला तीनेक हजार वळायचा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्स बॉन्सॅकने यंत्र बनवलं, १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि ते यंत्र नीट चाललं की दहा तासांत लाखाच्या वर सिगारेटी बाहेर पडायच्या. १८८३ मध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने ते इंग्लंडसाठी घेतलं, अमेरिकेत ड्यूकने घेतलं. आता बघा, वळण्याचा प्रश्न सुटला आणि लगेच दुसरा उभा राहिला : एवढा माल भरायचा कशात?

पहिलं उत्तर होतं कागदी पुडी. ती खिशात चेपायची. म्हणून पुडीत एक ताठ कार्ड घालायला सुरुवात झाली. कार्ड कोरं कशाला ठेवायचं, म्हणून त्यावर नट्या, खेळाडू, पक्षी छापले गेले. लोक ज्या सिगारेट कार्डांचे संग्रह करतात त्यांचा जन्म असा, पुडीला आधार द्यायच्या गरजेतून झालेला आहे. दुसरं उत्तर काडेपेटीसारखं : बाहेर कवच, आत सरकणारा ट्रे. आपल्याकडे दहाच्या पाकिटांत ही पद्धत पुढे कित्येक दशकं चालली, आणि जुन्या पिढीतल्या अनेकांना ते बोटाने ढकलायचं पाकीट आठवत असेल. तिसरं उत्तर पत्र्याची डबी. मजबूत, झाकणाची, पण महाग. आणि चौथं म्हणजे वीस सिगारेटींचं मऊ कागदी पाकीट. १९१३ मध्ये कॅमल बाजारात आली आणि अमेरिकेत हाच प्रकार रूढ झाला. वरचा कोपरा फाडायचा, पाकीट बोटावर आपटायचं, एखादी सिगारेट वर येते. स्वस्त आणि सुटसुटीत. पण एकदा फाडलं की कायमचं उघडं.

इथे पाण्याचा मुद्दा येतो. तंबाखूत साधारण बारा-तेरा टक्के ओलावा लागतो. कमी झाला तर ती चुरा होऊन गळते आणि घशाला लागते, जास्त झाला तर बुरशी. म्हणजे हे पाकीट एकाच वेळी दोन कामं करत असतं. एक, मोडू न देणं. दोन, सुकू न देणं. पहिलं काम पुठ्ठ्याचं, दुसरं आतल्या कागदाचं. या दोन कामांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि पुढचा सगळा गोंधळ ती दोन एकच समजल्यामुळे होतो.

दुसऱ्या कामाचं आधी सांगतो. सुरुवातीला धातूचा वर्ख लावलेला कागद आला. लहान मुलं रिकाम्या पाकिटातून काढून घ्यायची तो चांदीचा कागद. मग सेलोफेन. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडनबर्गर याने तो शोधला, पण गंमत अशी की मूळ सेलोफेन पाणी अडवत असे, वाफ अडवत नसे. ड्यूपाँ कंपनीतल्या विल्यम हेल चार्च याने १९२७ मध्ये त्यावर अगदी पातळ लेप चढवून तो ओलावा-रोधक केला आणि मग सिगारेटच्या पाकिटांवर त्याचं पारदर्शक आवरण चढलं. या सेलोफेनची पुडकी नीटनेटकी बंद करता यावीत, म्हणून रिचर्ड ड्र्यू याने १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी काढली. ही चिकटपट्टी लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

आता पहिलं काम, खोकं. त्यासाठी लंडनला जावं लागतं. मोलिन्स हे कुटुंब मूळ क्युबाशी नातं असलेलं, सिगारेटच्या धंद्यातलं. १९१२ मध्ये त्यांनी यंत्रं बनवणारी कंपनी काढली. पुढे डेप्टफर्डला मोठा कारखाना झाला. हे लोक सिगारेट विकत नव्हते, सिगारेट भरणारी यंत्रं विकत होते. किती पक्के यंत्रकार, तर दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानावरच्या ५७ मिलिमीटरच्या तोफेला आपोआप गोळे भरणारी यंत्रणा यांचीच. सिगारेट भरायची काय आणि तोफगोळा भरायचा काय, प्रश्न एकाच जातीचा : लांबट वस्तू, न अडकता, एकामागून एक. १९३०च्या दशकात याच कुटुंबातल्या डेस्मंड मोलिन्सने बिजागरीच्या झाकणाचं पुठ्ठ्याचं खोकं आणि ते घडवणारं यंत्र अशी जोडीच मांडली.

ते खोकं कसं असतं ते सावकाश बघू, कारण खरी हुशारी इथेच आहे. घरी पुठ्ठ्याचं कुठलंही तसलं खोकं असेल तर डिंक सोडवून सपाट उघडा. सगळं एका सलग तुकड्यातून निघतं : समोरची भिंत, तळ, पाठ, आणि पाठीला जोडूनच झाकणाची पाठ, माथा, पुढचा भाग. बिजागरी म्हणून वेगळी वस्तू कुठेच नाही. पाठीवर दाबून काढलेली घडीची एक आडवी रेघ, तीच बिजागरी. खिळा नाही, पत्रा नाही. पुठ्ठ्याचे तंतू त्या रेघेवर दबलेले असतात, म्हणून तो न तुटता शेकडो वेळा दुमडतो.

पण नुसतं एवढंच असतं तर झाकण सैल पडलं असतं. म्हणून आत दुसरा, छोटा तुकडा असतो. समोरून आणि दोन्ही बाजूंनी बसवलेली एक चौकट. कॉलरसारखी खोक्याच्या तोंडातून वर आलेली. झाकण मिटताना या कॉलरवर घासून बसतं. तिच्या कडा किंचित बाहेर ताणलेल्या असतात, त्यामुळे झाकण धरून ठेवलं जातं आणि बंद होताना तो ओळखीचा ‘टक’ आवाज येतो. शिवाय वरच्या दोन-चार सिगारेटी काढल्यावर उरलेल्या पुढे कलंडत नाहीत. दोन तुकडे, काही घड्या, डिंकाचे चार ठिपके. एवढ्यात कडीही झाली आणि बिजागरीही.

माझा मुद्दा असा की ही रचना कागदावर चित्र काढणाऱ्याने केलेली नाही, ती यंत्रापासून उलटी आलेली आहे. प्रत्येक घडी यंत्राला एका दिशेने, न थांबता घालता आली पाहिजे, ही अट आधी. हाताला कसं वाटतं हे नंतर. आज जर्मनीतल्या वेर्डनची किंवा इटलीतल्या बोलोन्याची यंत्रं मिनिटाला पाचशेहून जास्त खोकी घडवतात, आणि मूळ आराखडा तोच आहे.

मग श्रेय कोणाला मिळालं? मार्लबोरोला. १९२४ मध्ये ही बायकांसाठीची सौम्य सिगारेट म्हणून सुरू झाली होती. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवून दिला. लोक घाबरले, फिल्टरच्या सिगारेटीकडे वळू लागले. पण फिल्टर म्हणजे बायकी, असा पुरुषांचा समज. फिलिप मॉरिस कंपनीने १९५४-५५ मध्ये मार्लबोरो पुरुषी करून पुन्हा आणली. जाहिरात लिओ बर्नेटची, त्यातून पुढे तो काउबॉय आला. पाकिटावरची लाल-पांढरी रचना फ्रँक जानिनोतोची. आणि खोकं कुठलं? मोलिन्सचं. ग्राहकाला मात्र वाटलं की झाकणाचं खोकं मार्लबोरोनेच काढलं.

या खोक्याने वागणंही बदललं. मऊ पाकीट खिशात ठेवूनच त्यातली सिगारेट उपसता येते. झाकणाचं खोकं बाहेर काढावंच लागतं, सगळ्यांदेखत उघडावं लागतं. दिवसाला वीस सिगारेटी म्हणजे वीस वेळा ते नाव चारचौघांत दिसणार. म्हणजे खोकं हीच जाहिरात झाली, आणि ती फिरवायचं काम ग्राहक फुकट करू लागला.

आता आतल्या कागदाकडे परत येऊ. झाकण मिटतं म्हणून माल ताजा राहतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पुठ्ठ्यातून, फटीतून हवा आत-बाहेर करतच असते. खरं काम वर्खाच्या वेष्टनाचं, आणि ते तर पहिल्यांदा उघडताना आपण वरचा तुकडा ओढून फाडून टाकतो. ‘टक’ आवाज भरवसा देतो. ओलावा धरत नाही. झाकण आणि सील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे ध्यानात आल्यावर एकविसाव्या शतकात पुन्हा चिकटणारं आतलं वेष्टन आलं. कल्पना ओल्या पुसण्यांच्या पाकिटांतून ओळखीची होती. हवाबंद वेष्टनात आधीच एक जिभेसारखा काप घ्यायचा, त्यावर त्याहून मोठं चिकट लेबल लावायचं. टोक धरून लेबल उचललं की जीभ वर येते, सोडलं की परत बसते. म्हणजे ड्र्यूच्या चिकटपट्टीचाच नातू.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. डिंक फार घट्ट असला तर लेबलाबरोबर वेष्टनच फाटतं, फार सैल असला तर चौथ्या-पाचव्या वेळी पकड जाते. तंबाखूची धूळ डिंकाला लागली की तो आंधळा होतो, म्हणून जिथे माल येतो तिथे डिंक उघडा ठेवायचा नाही. बोटाने धरायचं टोक बिनडिंकाचं हवं. लेबल परत दाबायला खाली काहीतरी कठीण हवं, आणि पाकीट रिकामं होत जातं तसा तो आधारही जातो. आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या जुन्या मित्राची, कॉलरची. ती नेमकी लेबलाच्या वाटेत येते. म्हणून कॉलरला खोल खाच घ्यावी लागली. पण खाच खोल केली की झाकणाची पकड कमी होते. एक काम सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. काही रचनांत लेबलाचं टोक झाकणालाच आतून चिकटवलं, म्हणजे झाकण उघडलं की सीलही आपोआप उघडतं. सत्तर वर्षं वेगळी चाललेली दोन कामं इथे पहिल्यांदा एका हालचालीत आली.

आणि हे सगळं कशासाठी? सिगारेट ताजी राहावी म्हणून. ‘ताजेपणा’ हा शब्द या मालाला लावणं हीच एक फसवणूक आहे, आणि कायद्याने ती बरोबर ओळखली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून साधी, एकसारखी पाकिटं सक्तीची केली. रंग आणि अक्षरं ठरवून दिली हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कायद्यात असंही होतं की खोकं ताठ पुठ्ठ्याचं हवं, झाकणाची बिजागरी फक्त मागेच हवी, आणि आत अस्तर असेल तर ते कागदाला लावलेल्या वर्खाचं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशात आहे की एकदा उघडल्यावर पुन्हा बंद होणारं तोंड पाकिटाला चालणार नाही. सूट फक्त बिजागरीच्या झाकणाला. थोडक्यात, डेस्मंड मोलिन्सची घडी आता कायद्याचं कलम झाली आहे. तिथून पुढे नवी कल्पकता नको, असं समाजाने एका वस्तूला सांगितलं.

आपल्याकडे वळून थांबतो. भारतात एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. जे खोकं नाव मिरवायला बाहेर काढावं लागायचं, तेच आता इशारा मिरवतं. पण टपरीवर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात खोकं येतच नाही. झाकण टपरीवाला उघडतो, इशारा त्याच्या फळीवर राहतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली, त्यामागचं एक कारण नेमकं हे होतं. ती बंदी कितपत पाळली जाते, ते तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर तुम्हीच बघा.

चांगली रचना कोणासाठी काम करते, हा प्रश्न रचनेच्या आत सुटत नाही. तीच घडी आणि तेच लेबल उद्या औषधाच्या, चहाच्या, बिस्किटांच्या खोक्यात जाऊन उपयोगी पडतं. घडीला माल कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.