जगातले धर्म, आमच्या जिल्ह्यातून

जगातले धर्म शिकवायला घेतले की पहिला प्रश्न पुस्तकाचा येतो. बहुतेक क्रमिक पुस्तके एकाच साच्यातली. संस्थापक, ग्रंथ, तत्त्वे, पंथ आणि शेवटी स्वाध्याय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याच्या माझ्या वर्गात भांबेड-प्रभानवल्लीहून पहिल्या एसटीने आलेली मुले बसतात. कुणाच्या घरी शिमग्याला पालखी येते, कुणाच्या वाडीत बुद्धविहार आहे, कुणाचे काका उरुसाला राबतात. साच्यातला इस्लाम वाचून साटवलीच्या मुलीला त्यात आपले घर सापडत नाही. म्हणून मी मागे वळलो आणि मराठी माणसे परक्या धर्मापर्यंत कशी पोहोचली, ते शोधू लागलो.

सगळ्यांत जास्त रमलो तो धर्मानंद कोसंबींपाशी. गोव्यातल्या साखवाळचा, 1876 चा जन्म, नारळीच्या बागा सांभाळणारा तरुण. त्याला बुद्ध भेटला तो ‘बालबोधमेवा’त. हे मुलांचे मासिक चालवीत होते अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्ती लोक! त्यातल्या लेखाने एका सारस्वत ब्राह्मणाला बौद्ध धर्माकडे नेले, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते. 1899 मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ पाहिले आणि 1902 मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पालीचे धडे घेऊ लागले. ग्रंथाची भाषा शिकल्याशिवाय आणि तो धर्म जगणाऱ्यांच्या पंक्तीला बसल्याशिवाय लिहायचे नाही, असा हा माणूस. 1910 मध्ये त्यांनी बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. शंभर वर्षांनंतरही ते पहिल्या वर्षाच्या मुलाला समजते. पाठ्यपुस्तकाकडून मला एवढेच हवे असते.

बडोद्याचे नाव इथे सहज आलेले नाही. कोसंबींना महिना पन्नास रुपये देणारे सयाजीराव गायकवाड धर्मांचा तौलनिक अभ्यास आपल्या कॉलेजात आणणारेही होते. तिथले प्राध्यापक आल्बन विजरी यांचे त्या विषयावरचे इंग्रजी पुस्तक 1922 मध्ये निघाले. त्याआधी 1901 ते 1903 या काळात जमखिंडीचे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात हाच विषय शिकून आले. परतल्यावर तीन वर्षांत, 1906 मध्ये, त्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन उभारले. धर्मांचा अभ्यास करून माणूस कुठे जाऊ शकतो, ते मुलांना कळावे म्हणून शिंदे मी वगळत नाही.

पण माझ्या विद्यार्थ्यांना खरे नवल वाटते ते आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे. दापोली तालुक्यातल्या करजगावात 1861 मध्ये नारायण वामन टिळक जन्मले. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठीत ख्रिस्तभक्तीचे अभंग लिहिले. त्याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शिकलेल्या या शिक्षकाने ‘इस्लामी संस्कृती’ लिहून पैगंबरांचे चरित्र मराठी घरांत नेले. शेजारच्या मंडणगडातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आणि दापोलीतच कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची 29 लेणी आहेत. आधी बौद्ध भिक्षूंची, पुढे वज्रयान्यांची, मग शैव, गाणपत्य आणि नाथपंथीयांची. एकाच डोंगरात हजार-बाराशे वर्षे साधना बदलत राहिली. तिथल्या नाथसिद्धांच्या शिल्पांच्या ओळी मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहाव्यात, कारण पंथांचे कोष्टक पाठ करून ते कळत नाही.

आता पुस्तक. इंग्रजी पुस्तकांपैकी मी हस्टन स्मिथ यांचे जगातल्या धर्मांवरचे पुस्तक घेईन. 1958 मध्ये ते पहिल्यांदा निघाले, दूरचित्रवाणीवरच्या व्याख्यानांतून तयार झाले, आणि त्याची बोलती भाषा अजून ताजी आहे. स्मिथ चीनमध्ये मिशनऱ्यांच्या घरात जन्मले होते, शेजारचा धर्म त्यांनी बालपणापासून पाहिलेला. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांची पद्धत परीक्षेला उपयोगी आहे. विधी, कथा, श्रद्धा, नीती, समाज, अनुभव अशा अंगांनी ते कुठलाही धर्म तपासायला शिकवतात. उरुसाला आणि पालखीला ती लावून पाहा, असे मी सांगतो.

पण स्मिथ जाणूनबुजून प्रत्येक धर्माची उत्तम बाजूच मांडतात. पाणवठ्यावरचा विटाळ, नात्यातल्यांनी वाळीत टाकणे, यांवर त्यांच्या पुस्तकाचा भर नाही. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांच्या आजोबांनी तेच भोगले आहे. म्हणून स्मिथ यांच्या जोडीला मी नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ लावतो. नवऱ्याने धर्म बदलल्यावर बाईचे घर, जात, स्वयंपाक, माहेर यांचे काय होते आणि मनातले सोवळे कसे सुटते, ते त्यांच्याइतके स्वच्छ मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेले मला माहीत नाही. त्याच आठवड्यात बाबासाहेबांच्या ग्रंथाची प्रस्तावना वाचून घेतो. स्मिथ यांचे हिंदू धर्मावरचे प्रकरण त्यानंतर.