झुबारा : गाव कशाने वसते, कशाने उठते?

कतारमध्ये चार-पाच वर्षे राहिलेल्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये झुबाऱ्याच्या किल्ल्याचा एखादा तरी फोटो असतोच. दोह्यापासून वायव्येला सुमारे १०५ किलोमीटर, सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट माळ. डबे, चटया आणि मुले गाडीत घालून आपण जातो, बुरुजापाशी फोटो काढतो आणि ‘झुबारा पाहिले’ म्हणून परततो.

वाचकहो, तो किल्ला म्हणजे झुबारा नव्हे. तो शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी १९३८ मध्ये बांधला, म्हणजे झुबाऱ्यातून शेवटचा माणूस निघून गेल्यानंतर. खरे झुबारा तिथून पुढे, समुद्राच्या काठाला आहे, आणि त्याचा बराचसा भाग अजून वाळूखालीच आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने ज्याला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली ते मुख्यतः हे गाव.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षणाने अभियंता आहे आणि पोटापाण्यासाठी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. पण एखादी यंत्रणा कशावर चालते आणि कशाने बंद पडते, हे पाहण्याची सवय अंगात मुरलेली असते. गाव हीही एक यंत्रणाच. त्या नजरेने मी झुबाऱ्याकडे पाहू लागलो, आणि पाहता पाहता राजापूर तालुक्यातले आमचे गाव डोळ्यांसमोर येऊ लागले.

आधी भूगोल. कतारचे क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या सुमारे दीडपट. नदी एकही नाही. वर्षाकाठी पाऊस पडतो तो साधारण ७५ ते ८० मिलिमीटर; कोकणात आषाढातल्या एका दिवसात याहून जास्त पडतो. पडेल ते पाणी खोलगट जागी साचते. अशा जागेला इथे ‘रौदा’ म्हणतात. ते पाणी हळूहळू चुनखडीच्या खडकात मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहीर बेताने उपसली तर पाणी गोड, हावरेपणाने उपसली तर खारट. द्वीपकल्पाच्या उत्तर भागात हे गोडे पाणी त्यातल्या त्यात बरे मिळते. जुनी गावे उत्तरेच्या किनाऱ्याने का लागलेली दिसतात, याचे एक कारण हे.

झुबारा वसले १७६० च्या दशकात. कुवेतहून आलेल्या उतूब टोळीतल्या व्यापारी घराण्यांनी ते वसवले. समोर उथळ, सुरक्षित उपसागर, जवळच मोत्यांच्या शिंपल्यांचे तळ, आणि व्यापारावर जकात नाही. पुढे १७७३ मध्ये बसऱ्यात प्लेग आला, १७७५-७६ मध्ये इराणी फौजेने त्या शहराला वेढा घालून ते घेतले, तेव्हा तिथले काही व्यापारी इकडे सरकले. दुसऱ्याच्या आपत्तीत झुबाऱ्याची भरभराट झाली. सुमारे ६० हेक्टर जागेभोवती अडीच किलोमीटर लांबीचा तट आणि त्याला २२ बुरुज. भरभराटीच्या काळात इथे सहा ते नऊ हजार लोक राहत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

२००९ पासून काही वर्षे कतारच्या संग्रहालय खात्याने कोपनहेगन विद्यापीठाच्या साथीने इथे उत्खनन केले. चौकाभोवती खोल्या अशी घरे निघाली, बाजार निघाला, परदेशी भांडी निघाली. एका भिंतीच्या गिलाव्यावर कोणी तरी कोरलेले गलबताचे चित्रही सापडले. काही खोल्यांची जमीन पन्हाळीसारखी केलेली आहे. तिथे खजुराची पोती एकावर एक रचत आणि दाबाने गळणारा पाक खाली भांड्यात धरत. हा खजूर बाहेरून येई. तांदूळ बाहेरचा, लाकूड बाहेरचे. होडीचा साग तर आपल्या मलबारचा. गावाचे स्वतःचे म्हणायचे ते मासे आणि मोती.

आणि पाणी? तटाच्या आत पुरेसे गोडे पाणी नव्हते. ते होते दीड-पावणेदोन किलोमीटर आत, मुरैर इथल्या विहिरींना. म्हणून विहिरींच्या राखणीला किल्ला बांधला आणि तिथून गावापर्यंत पाणी सुखरूप आणता यावे म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना भिंती घातल्या. अभियंत्याला हे पाहून कौतुक वाटते आणि धडकीही भरते. इतके मोठे गाव, पण तीन दोऱ्यांवर टांगलेले : दूरची विहीर, बाहेरचे धान्य आणि एकच विकाऊ माल.

मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. धडधाकट पुरुष समुद्रावर. गावात बायका, मुले आणि म्हातारे. होडीच्या प्रमुखाला इथे ‘नोखदा’ म्हणतात. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ तो हाच, मूळ फारसी शब्द एकच. पाणबुड्या नोखदाकडून आगाऊ रक्कम घेई आणि हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर जाई. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. म्हणजे आपण नोकरीसाठी ज्या वाटेने इकडे आलो, त्या वाटेने मोती फार आधीपासून उलट दिशेने जात होते. रुपयाही इथे चाले. १९५९ पासून भारताने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतारने तो सोडला.

झुबारा एका दिवसात संपले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. १७८३ मध्ये इथल्या अल खलिफा घराण्याने बहारीन जिंकले आणि पुढे बरीच मंडळी तिकडे गेली. तिथे गोड्या पाण्याचे झरे होते, खजुराच्या बागा होत्या. १८११ मध्ये मस्कतच्या सुलतानाच्या फौजेने गाव जाळले. लोक पुन्हा आले, पण कमी. त्यांनी जुन्या तटाच्या आत दुसरा, लहान तट घातला. हा आतला तट म्हणजे गावाने स्वतःच मांडलेली शिरगणती. १८७८ मध्ये पुन्हा हल्ला झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेले लोकही गेले. गंमत अशी, की रिकाम्या गावावरून कतार आणि बहारीन यांचा वाद मात्र चालूच राहिला. तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्च २००१ मध्ये झुबारा कतारचे आहे असे सांगून मिटवला.

हल्ले कोणत्या गावावर होत नाहीत? पानिपतानंतरही पुणे राहिले. पण झुबाऱ्यात प्रत्येक संकटानंतर काही घरांनी परत न येण्याचा निर्णय घेतला. तट पाडला शत्रूने, गाव उठवले या निर्णयांनी. आणि परत न येण्याचे कारण बहुधा पाणी आणि पोट हेच असावे.

आता दुसरे चित्र पाहा. हिंदुस्थान सरकारचे अधिकारी लॉरिमर यांनी तयार केलेले आखाताचे गॅझेटियर कलकत्त्याला छापले गेले. त्याच्या १९०८ च्या भूगोल-खंडात सबंध कतारची वस्ती सुमारे २७,००० दिली आहे. त्यातले १२,००० दोह्यात आणि ८,००० वकऱ्यात. पुढे जपानी संवर्धित मोती आणि १९२९ ची मंदी यांनी मोत्यांचा धंदा बसला आणि वस्ती आणखी विरळ झाली. दुखानचे तेल १९४९ च्या अखेरीस पहिल्यांदा परदेशी रवाना झाले, आणि त्यानंतर आकडे उलटे धावू लागले : १९८६ च्या जनगणनेत ३,६९,०७९, २०१० मध्ये १६,९९,४३५, २०२० मध्ये २८,४६,११८. या काळातही उत्तरेची जुमैलसारखी कोळ्यांची गावे ओस पडलीच. मशिदीचा मिनार उभा आहे आणि घरांना छप्पर नाही.

या वाढत्या आकड्यांत आपण आहोत. २०२० च्या शिरगणतीत दर चार माणसांत जवळजवळ तीन पुरुष होते. हिशेबाची दुसरी बाजू कोकणात सापडते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली; सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. देशाची वस्ती वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. इथे पुरुष जास्त, तिथे स्त्रिया जास्त. दोन्ही आकडे एकाच कहाणीचे. अर्थात कोकणातला माणूस मुख्यतः मुंबईला गेला आणि शतकभर जातच आहे. आखात हा त्या वाटेचा पुढचा मुक्काम.

आमच्या वाडीत पाऊस मुबलक, विहिरीला पाणी आहे, तरी निम्म्या घरांना कुलूप. गणपतीला दारे उघडतात, दहा दिवस दिवे लागतात. अजून आमचे गाव उठलेले नाही. ‘आतला तट’ घालून राहिले आहे असे म्हणू. कोणी हल्ला केला नाही, कोणी जाळले नाही. आपण एकेक घर मिळून शांतपणे निर्णय घेत गेलो, प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी योग्यच. मुलांचे शिक्षण, वडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, यांतले काहीही चूक नव्हते. बेरीज मात्र अशी होते.

यावर ‘परत चला’ असा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, आणि तसे होणारही नाही. एक काम आपल्या आवाक्यातले आहे. झुबाऱ्याच्या कितीतरी घरांबाबत आज दगड आणि खापरे पाहून तर्क करावे लागतात. आपल्या गावांवर ती पाळी येऊ नये. यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा एक साधी वही करा. वाडीत घरे किती, कोणाचे कोणते, कोण कोणत्या साली कुठे गेले, विहीर कोणी खणली, तिला वैशाखात पाणी किती असते, शाळेत मुले किती उरली. हे सांगणारी ऐंशी-पंच्याऐंशीची माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. त्यांना विचारायला मुलांनाच पुढे करा. आजोबा नातवाला जास्त सांगतात.

आणि झुबाऱ्याला पुन्हा गेलात तर किल्ल्यापाशी थांबू नका. समुद्राकडे चालत जा, आधी बाहेरचा तट शोधा आणि मग आतला. दोन्हींमध्ये किती पावले पडतात ते मुलांना मोजू द्या.