सॅन फ्रॅन्सिस्को येथील दोन क्रीडागुरु

देवळाचा मनोरा दुरून दिसतो. पायाचे दगड मात्र ज्यांनीं बसविले त्यांनाच ठाऊक असतात. महोत्सवाच्या प्रसंगीं आपण जुन्या वह्या उघडतों, नांवें वाचतों, आणि ज्यांनीं स्वतः मागें राहून इतरांस घडविलें त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करितों. याच हेतूनें आम्ही आज वाचकांपुढें दूरदेशीच्या एका लहान कॅथलिक विद्यापीठाचा इतिहास ठेवीत आहों. तो क्रीडांगणावरचा आहे, म्हणून कोणी त्यास हलका समजूं नये. मनुष्याची परीक्षा जशी संकटांत होते तशी ती खेळांतहि होते, आणि कित्येकदां खेळांत ती अधिक उघडपणें होते.

बास्केटबॉल हा खेळ आतां आपल्या बहुतेक मिशनरी शाळांच्या पटांगणांत दिसतो. त्याचा जन्म इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हिवाळ्यांत घरांत कोंडलेल्या तरुणांसाठीं सज्जाच्या कठड्यास फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले, आणि चेंडू टोपलींत टाकण्याचा हा खेळ सुरू केला. त्यास फार साहित्य लागत नाहीं व फार जागाहि लागत नाहीं. म्हणून तो लहान शाळा-महाविद्यालयांस विशेष मानवला.

अशा संस्थांपैकीं एक म्हणजे सॅन फ्रॅन्सिस्कोचें विद्यापीठ. इ. स. १८५५ सालीं येशूसंघाचे इटालियन धर्मगुरु फादर अँथनी माराशी यांनीं त्या नव्यानें वसलेल्या शहरांत संत इग्नाशियसच्या नांवानें एक लहानशी शाळा काढली. इ. स. १९०६ च्या भूकंपांत व आगींत तेथील देऊळ व महाविद्यालय भस्म झालें. फादरांनीं तें पुन्हां उभारलें, आणि १९३० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. ज्या येशूसंघानें मुंबईस १८६९ सालीं सेंट झेवियर कॉलेज स्थापिलें त्याच संघाचें हें कार्य होय. तेव्हां हें घर आपल्याला अगदींच परकें नाहीं.

या विद्यापीठास १९५० च्या सुमारास स्वतःची क्रीडाशाळा नव्हती. संघ जवळच्या संत इग्नाशियस हायस्कुलाच्या जागेंत सराव करी, आणि सामने शहरांतील सार्वजनिक सभागृहांत खेळे. अशा बेघर संघास प्रथम नांव मिळवून दिलें तें पीट न्यूएल या प्रशिक्षकांनीं. त्यांच्या हाताखालीं १९४९ सालीं संघानें न्यूयॉर्क येथील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यांत शिकागोच्या लोयोला विद्यापीठावर ४८ विरुद्ध ४७, म्हणजे अवघ्या एका गुणानें विजय मिळाला. पुढील वर्षीं न्यूएल दुसऱ्या विद्यापीठांत गेले, आणि त्यांच्या जागीं त्यांचे जुने सहाध्यायी फिल वूलपर्ट यांची नेमणूक झाली. हे दोघेहि लॉस एंजेलिस येथील येशूसंघाच्या लोयोला महाविद्यालयांत जेम्स नीडल्स या एकाच गुरूच्या हाताखालीं खेळले होते. त्यांची शिकवण अशी कीं गुण मिळविणें कधीं साधतें, कधीं साधत नाहीं. परंतु प्रतिपक्षास अडविणें हें परिश्रमाचें काम असल्यामुळें तें रोज साधतां येतें.

वूलपर्टांचा आरंभ फारसा शुभ झाला नाहीं. पहिल्या वर्षीं नऊ सामने जिंकले व सतरा गमावले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षींहि पराभवच अधिक झाले. एखाद्या श्रीमंत व उतावळ्या संस्थेनें त्यांस केव्हांच निरोप दिला असता. येथें मात्र धीर धरला गेला, आणि त्या धीराचें फळ पुढें सर्व देशानें पाहिलें.

त्यांचे साहाय्यक म्हणजे रॉस ज्यूडिस. आजकाल मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षकांची एक फौजच असते: कोणी संरक्षण शिकवितो, कोणी आहार पाहतो, कोणी प्रतिपक्षाचीं चित्रें घेऊन अभ्यास करितो. त्या लहान विद्यापीठांत सर्व भार बहुतांशीं या दोघांवर होता. ज्यूडिस हे १९४९ च्या विजयी संघांतील खेळाडू. त्या काळच्या नियमाप्रमाणें पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस मुख्य संघांत खेळतां येत नसे; त्यांचा वेगळा संघ असे, आणि तो ज्यूडिस यांच्याकडे सोंपविलेला होता. म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या हातीं येणारी माती आधीं मळून ठेवण्याचें काम त्यांचें. त्या संघाचे सामने पाहण्यास फारसें कोणी येत नसे, आणि वर्तमानपत्रांत त्यांस क्वचितच जागा मिळे.

या दोघांस तिसऱ्याचें साहाय्य झालें तें हॅल डी'जूलियो या माजी खेळाडूचें. ओकलंडच्या मॅक्लिमंड्स हायस्कुलांत एक उंच, काटकुळा कृष्णवर्णी मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याचें नांव बिल रसेल. दुसऱ्या कोणत्याहि महाविद्यालयानें या मुलास विचारलें नव्हतें. डी'जूलियो यांच्या शब्दावर वूलपर्टांनीं त्याची चांचणी घेतली व १९५२ सालीं त्यास शिष्यवृत्ति दिली. रसेल उंच होता, चपळ होता. परंतु चेंडू टोपलींत कसा टाकावा हें त्यास नीट येत नव्हतें. ज्यूडिस यांनीं त्यास घेऊन तासन् तास सराव करविला, आणि टोपलीकडे बाजू करून एका हातानें डोक्यावरून चेंडू टाकण्याची रीत अंगवळणीं पाडली. पुढें जगप्रसिद्ध झाल्यावरहि रसेलनें या शिक्षकाचें ऋण मान्य केलें आहे.

गुरु-शिष्यांत मतभेद नव्हताच असें मात्र नाहीं. त्या काळचें शास्त्र असें कीं चांगल्या रक्षकानें आपले पाय जमिनीवरून उचलूं नयेत. रसेल तर प्रतिपक्षाचा चेंडू हवेंतल्या हवेंत अडविण्यासाठीं उडी घेई. वूलपर्टांस हें प्रथम पटलें नाहीं. परंतु हट्टानें शिष्याचे पंख कापण्यापेक्षां त्यांनीं आपली व्यवस्थाच हळूहळू त्याच्या उडीभोंवतीं बसविली: इतर चौघांनीं प्रतिपक्षास पुढें दाबावें, आणि जो निसटून टोपलीपाशीं येईल त्यास रसेलनें पाहून घ्यावें. के. सी. जोन्स हा त्याचा सोबती पुढील बाजूचा आधार झाला. आपण शिकविलें त्याहून शिष्यास अधिक दिसतें आहे हें ओळखणें हा गुरूचा मोठेपणा होय. तो सर्वांस साधत नाहीं.

आतां आम्ही या इतिहासाच्या गाभ्याकडे वळतों. त्या काळीं अमेरिकेंत वर्णभेद प्रबळ होता. शाळांतील वर्णविभाग घटनाबाह्य आहे असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १७ मे १९५४ रोजीं दिला खरा. परंतु लोकांचीं मनें निवाड्यानें एका दिवसांत बदलत नसतात. अनेक महाविद्यालयें कृष्णवर्णी खेळाडू घेतच नसत. जीं घेत तींहि एका वेळीं एकदोघांहून अधिक मैदानांत उतरवीत नसत. असा नियम कोठें लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणें कठीण होतें. १९५४ च्या डिसेंबरांत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून ४७ विरुद्ध ४० असा पराभव झाल्यावर वूलपर्टांनीं हॅल पेरी या कृष्णवर्णी तरुणास मुख्य पांचांत घेतलें. रसेल, जोन्स व पेरी असे तिघे आरंभापासून खेळूं लागले. यामुळें प्रशिक्षकांकडे रोषाचीं पत्रें येऊं लागलीं. त्यांनीं संघ बदलला नाहीं.

त्याच महिन्यांत संघ ओक्लाहोमा येथील स्पर्धेस गेला. तेथील हॉटेलें कृष्णवर्णी खेळाडूंस जागा देईनात. गोऱ्यांनीं हॉटेलांत राहावें व इतरांनीं कोठें तरी सोय पाहावी, हा सोपा मार्ग होता. त्याऐवजीं सर्व संघ सुटीमुळें रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहांत एकत्र राहिला. सरावाच्या वेळीं कांहीं प्रेक्षकांनीं कृष्णवर्णी खेळाडूंच्या अंगावर नाणीं फेंकलीं. रसेलनें तीं शांतपणें वेंचलीं आणि सांभाळण्यासाठीं आपल्या प्रशिक्षकांच्या हातीं दिलीं. संघानें ती स्पर्धा जिंकली. आम्हांस वाटतें, त्या मुठीभर नाण्यांत त्या गुरूच्या कामाचें खरें वेतन होतें: शिष्यानें आपला अपमान निःशंकपणें ज्याच्या हातीं ठेवावा, असा तो मनुष्य होता.

मग विजयांची मालिका लागली. १९५५ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत ऑरेगन स्टेटवर ५७ विरुद्ध ५६ असा निसटता जय मिळाला, आणि १९ मार्च रोजीं कॅन्सस सिटी येथें अंतिम सामन्यांत फिलाडेल्फियाच्या ला साल या दुसऱ्या कॅथलिक महाविद्यालयाचा ७७ विरुद्ध ६३ असा पराभव झाला. ला सालचा टॉम गोला त्या काळचा नामांकित खेळाडू. त्यास अडविण्याचें काम उंचीनें कमी असलेल्या जोन्सनें केलें, आणि स्वतः २४ गुणहि मिळविले. संत इग्नाशियसच्या त्या शाळेचें तें शताब्दीचें वर्ष होतें. महोत्सवास याहून शोभिवंत भेट कोणती मिळावी? पुढील वर्षीं तर संघानें २९ पैकीं २९ सामने जिंकले. अंतिम सामन्यांत आयोवावर ८३ विरुद्ध ७१ असा विजय मिळाला. सतत साठ विजय झाल्यावर १९५६ च्या डिसेंबरांत इलिनॉयनें ही मालिका तोडली. साठांचा हा विक्रम १९७३ पर्यंत टिकला.

परंतु कीर्तीचीहि किंमत द्यावी लागते. रसेल व जोन्स गेले. मेलबर्नच्या ऑलिंपिकांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढें व्यावसायिक खेळांत दोघांनींहि नांव कमाविलें. १९५८ सालीं विद्यापीठास स्वतःची क्रीडाशाळा मिळाली. परंतु १९५८-५९ च्या हंगामांत तोच संघ सहा सामने जिंकून वीस हरला. वूलपर्टांचें मन व शरीर दोन्ही थकलीं होतीं. त्यांनीं जागा सोडली. ज्यूडिस यांनीं एक वर्ष मुख्य पद सांभाळलें आणि मग तेहि बाजूस झाले. वूलपर्टांनीं पुढें सॅन दिएगोच्या कॅथलिक विद्यापीठांत कांहीं वर्षें शिकविलें. आयुष्याच्या उत्तरार्धांत ते वॉशिंग्टन प्रांतांतील सेक्विम या लहान गांवीं राहिले, आणि तेथें शाळेच्या मुलांची बस चालवीत. इ. स. १९८७ मध्यें त्यांचें निधन झालें. १९९२ सालीं स्प्रिंगफील्ड येथील कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव कोरलें गेलें.

ज्यानें दोनदां सर्व देश जिंकला तो शेवटीं मुलांस शाळेंत पोंचवीत होता, हें ऐकून कोणी हळहळेल. आम्हांस त्यांत हळहळण्याजोगें कांहीं दिसत नाहीं. मुलांस सुखरूप पुढें नेऊन सोडणें हेंच त्यांचें काम पूर्वीं होतें आणि नंतरहि तेंच राहिलें.

वाचकहो, ही परदेशाची गोष्ट आहे म्हणून ऐकून सोडून देऊं नका. रंगाची रेषा त्यांची. पंगतीची, पाणवठ्याची, कुळाची व भाषेची रेषा आपली. ती आपल्या देवळाच्या बाकांपर्यंतहि कधीं कधीं पोंचली आहे, हें आपण जाणतों. ती पुसण्यास मोठीं व्याख्यानें लागतात असें नाहीं. ज्याच्या हातीं एखादा लहान अधिकार आहे, मग तो शाळेचा मास्तर असो, गायकमंडळाचा चालक असो, वा क्रीडासंघाचा प्रमुख असो, त्यानें योग्य मुलास योग्य जागीं उभें करावें आणि लोक काय म्हणतील तें सोसावें, इतकेंच पुरे. या महोत्सवानिमित्त आपल्या धर्मग्रामाच्या अशा मागें राहिलेल्या शिक्षकांस आम्ही मनःपूर्वक वंदन करितों, आणि जे हयात आहेत त्यांच्या दारीं एकदां जाऊन त्यांची विचारपूस करावी, अशी सर्व तरुणांस विनंति करितों.