डिव्हाइस ट्रीमधील गुणधर्मांची नोंद

१२. लेखक ज्यांना ‘बाइंडिंग’ म्हणतात, ते लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच ठेवलेले दस्तऐवज. यूएसबी उपकरण आपली ओळख स्वतः देते. बोर्डावरच्या आयटूसी चिपला ती सोय नाही. तिचा पत्ता, तिची इंटरप्ट लाइन हे सारे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून द्यावे लागते. कोणता गुणधर्म सक्तीचा, कोणता ऐच्छिक, हे बाइंडिंग ठरवते. पूर्वी ते साध्या मजकुरात असे. आता यामल स्कीमा असल्याने बरीचशी तपासणी यंत्रच करते.

एककांचेच पाहा. व्होल्टेजच्या गुणधर्माच्या नावातच ‘मायक्रोव्होल्ट’ येते, ३.३ व्होल्ट लिहायचे ते ३३,००,००० असे. बटणांच्या ‘जीपीआयओ-कीज’मधला ‘डिबाउन्स-इंटरव्हल’ मात्र जुन्या वळणाचा. नावात एकक नाही. ते मिलिसेकंद आहेत आणि काहीच दिले नाही तर ५ धरले जातात, हे दस्तऐवज उघडल्यावरच कळते. नाव गैरसोयीचे खरे, पण बदलायचे कसे? जुन्या बोर्डाचे डिव्हाइस ट्री नव्या कर्नलवरही चालायला हवे. पुढील प्रकरणातील उदाहरणे वाचताना संबंधित बाइंडिंगची फाइल शेजारी उघडून ठेवावी. — संपा.