तबकडीतले गाणे आणि मैफिलीतले गाणे

उस्ताद फैयाज खाँना समोर बसून ऐकलेली पिढी आता बडोद्यात जवळजवळ उरलेली नाही. तबकडीत खाँसाहेब पुरते सापडत नाहीत, असे ती मंडळी हटकून सांगत. आम्हां मागाहून आलेल्यांना मात्र तबकडीचाच आधार आहे. म्हणून तिच्यात काय उतरले आणि काय बाहेर राहिले, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून किंवा बसून खणखणीत आवाजात गायचे, आणि आवाजाच्या जोराने सुई मेणावर रेघ कोरायची. मान जराशी फिरली तरी स्वर कमीजास्त उमटे. खर्जातले बारकावे, तंबोऱ्याचा झंकार, हळुवार उच्चार यांतले फार थोडे पकडले जाई. चूक झाली तर सुधारण्याची सोय नव्हती, पुन्हा पहिल्यापासून गावे लागे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत, बारा इंचीला थोडी अधिक.

या कर्ण्यासमोर आपल्या बडोद्याचा आवाजही गेला. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढणारे मौलाबक्ष, त्यांच्या मुलीचे चिरंजीव इनायत खाँ. पुढे सूफी विचारवंत म्हणून ते पाश्चात्त्य देशांत गाजले, पण त्याआधी, १९०९ साली, त्यांची गाणी मुद्रित झाली. उमेदीच्या वयातला हा गवई आज ऐकता येतो, तो त्यामुळेच.

काही काळ बडोदे दरबारी असलेले अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते कर्ण्यासमोर गायले आणि १९३०च्या दशकात मायक्रोफोनसमोर. दुसऱ्या खेपेला त्यांच्या आवाजाची नाजूक धार, मिंड, स्वराला लावलेला हलका स्पर्श हे सारे स्पष्ट ऐकू येते. यंत्र सुधारले होते, वेळ मात्र तेवढाच होता. सावकाश बढत करीत राग फुलवणाऱ्या गवयाला साडेतीन-चार मिनिटांत विलंबित ख्याल कसा मांडता येणार? शिवाय फोनो ठरलेल्या वेगापेक्षा जरा जलद फिरला की पट्टीही चढते आणि लयही धावते. तेव्हा जुन्या तबकडीवरून गायकाची पट्टी ठरवताना जपूनच बोलावे.

फैयाज खाँच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी. आग्रा घराण्याच्या रीतीप्रमाणे ते ख्यालाआधी नोमतोम आलाप करीत. भरदार आवाजात खर्जापासून एकेक पायरी चढत राग उभा करायचा, मग बंदिशीचे बोल खेळवायचे, समेवर येताना श्रोत्यांना सोबत घेऊन यायचे, ही त्यांची मैफल. 'वाहवा' आली की त्याच जागेला आणखी एक वळण सुचायचे. तबकडीच्या खोलीत दाद देणारे कोणी नसे. ललित, रामकली, जयजयवंती यांच्या त्यांच्या तबकड्या आजही थक्क करतात, पण त्या मैफिलीच्या नकला नव्हेत. तीन मिनिटांसाठी नेटकी बांधलेली ती वेगळीच चीज आहे. नभोवाणीवरचे त्यांचे काही दीर्घ गायन सुदैवाने टिकले आहे. ते आधी ऐकावे आणि मग तबकडी ऐकावी, म्हणजे काय गाळावे लागले ते कळते.

तरीही तबकडीला उणे लेखू नये. ज्या गावी खाँसाहेब कधी गेले नाहीत, तेथे ती गेली. बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे ते गुरू. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गाण्यातून अंदाज करायचा, एवढेच हाती. अपुरी का होईना, तीन मिनिटे असती तर किती मोल आले असते!

फीत आल्यावर तासभराची मैफलही मुद्रित होऊ लागली. गणेशोत्सवातल्या गाण्यांची स्पूल आणि कॅसेटी आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पडून असतील. बडोद्याच्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्यांत माइकची शिट्टी असेल, पोरांची रडारड असेल, मध्येच कोणी चहा विचारत असेल. पण गवई आणि श्रोते दोघेही एकत्र सापडतील ते तिथेच. आमची मंडळातील सर्व कुटुंबांना विनंती आहे की अशा फिती रद्दीत घालू नयेत. डब्यावर गायकाचे, साथीदारांचे नाव आणि वर्ष लिहावे, आणि जाणकाराकडून त्या लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. कोण गात आहे हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.