चोखायला कोण शिकवते?

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात आईच्या अंगावर पिऊ लागते. ते कोणी शिकवावे लागत नाही, म्हणून आपल्याला सोपे वाटते. प्रत्यक्षात चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ त्यात घालावा लागतो. कारण घशात दुधाची आणि हवेची वाट काही अंतर एकच असते. गर्भ चोखण्याच्या हालचाली चौथ्या-पाचव्या महिन्यापासून करतो, पण हा तिहेरी मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. मग २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाने दूध प्यावे कसे?

पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांच्यापुढे हाच प्रश्न होता. कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून त्यांनी १८८० च्या सुमारास बाळांसाठी उबदार पेटी करवून घेतली, हे पुष्कळांनी वाचलेले असते. त्यांचे दुसरे काम मात्र फारसे सांगितले जात नाही. त्याच दशकात त्यांनी अशक्त बाळांच्या तोंडातून जठरात रबरी नळी घालून दूध देण्याची पद्धत रुळवली. नुसती ऊब मिळून पोट रिकामे राहिले, तर बाळ जगणार कसे? माझ्या मते नळीचे श्रेय पेटीइतकेच आहे.

नळीने पोटाचा प्रश्न सोडवला, पण तोंडाला काम उरले नाही. पुढे अतिदक्षता विभाग आले, श्वासासाठीही नळ्या आल्या. तोंडाजवळ येणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट बाळाला त्रास देणारीच ठरली.

पीटर वुल्फ यांनी १९६८ साली चोखण्याचे दोन प्रकार नीट वेगळे दाखवले. दूध पिताना बाळ सेकंदाला साधारण एकदा चोखते. रिकामी चोखणी तोंडात असेल तर सुमारे दोनदा. गिळायचे नसल्याने रिकामे चोखणे लहान बाळालाही झेपते. तोच सराव समजून उपयोगात आणला तर? मीझल आणि अँडरसन यांनी १९७९ साली नळीने दूध देतानाच बाळांना चोखणी दिली. ती बाळे बाटलीने पिण्यास सुमारे तीन दिवस आधी तयार झाली.

यापुढचे पाऊल म्हणजे तोंडाच्या स्नायूंना मुद्दाम चालना देणे. २००२ साली फ्युसिल, गिझेल आणि लाउ यांनी २६ ते २९ आठवड्यांत जन्मलेल्या ३२ बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांचे गाल, ओठ, हिरड्या आणि जीभ रोज १२ मिनिटे बोटाने चोळली व नंतर ३ मिनिटे चोखणी दिली. असे १० दिवस. ही बाळे सरासरी ११ दिवसांत नळीविना पूर्ण दूध पिऊ लागली, इतरांना १८ दिवस लागले. घरी मात्र ती लवकर गेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २०११ साली ब्रेंडा लेसन यांनी ५ मिनिटांची पद्धत मांडली. यातील बहुतेक प्रयोग लहान आहेत. पुराव्याचा एकत्रित आढावा घेणारे त्याला भक्कम म्हणत नाहीत. शिवाय हे प्रशिक्षित हातांचे काम आहे.

आपल्याकडे गिळता येणाऱ्या पण चोखता न येणाऱ्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. त्याने गिळण्याचा सराव होतो, चोखण्याचा नाही. त्यासाठी काही ठिकाणी आई आधी दूध पिळून काढते आणि रिकाम्या स्तनाशी बाळाला धरते. दूध घशात जाण्याची भीती कमी, आणि रबराची गरजच नाही.