ताऱ्यासारखा दिसतो, पण तारा नाही! क्वेसारचं रहस्य वर्णपटातून कसं उलगडतं?

कन्या तारकासमूहात '३सी २७३' नावाचा एक निळसर ठिपका आहे. दुर्बिणीतून तो साध्या ताऱ्यासारखाच दिसतो. प्रत्यक्षात तो सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं दूर असलेला क्वेसार आहे. हे कळलं ते त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटामुळे.

क्वेसार म्हणजे काय?

दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर आजूबाजूचा वायू ओढून घेतं. आत पडण्याआधी हा वायू तबकडीसारखा फिरतो, प्रचंड तापतो आणि मुख्यतः अतिनील व दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. या झगमगाटापुढे अख्खी दीर्घिका फिकी पडते.

कोडं कसं सुटलं?

१९६२ मध्ये चंद्र ३सी २७३ च्या समोरून गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीने त्याची नेमकी जागा शोधली. त्यानंतर अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कशाशीच जुळेनात! फेब्रुवारी १९६३ मध्ये श्मिट यांच्या लक्षात आलं, की या हायड्रोजनच्याच रेषा आहेत; फक्त सुमारे १६ टक्के लांबलेल्या. ४८६ नॅनोमीटरची रेषा ५६३ च्या आसपास दिसत होती. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशलहरी अशा ताणल्या जातात. यालाच 'ताम्रसृती' म्हणतात. ती जितकी जास्त, तितका क्वेसार दूर.

अतिनील प्रकाश का महत्त्वाचा?

हायड्रोजनची 'लायमन अल्फा' ही ठळक रेषा १२१.६ नॅनोमीटरवर असते. हा प्रकाश पृथ्वीचं वातावरण अडवतं. त्यामुळे जवळच्या क्वेसारसाठी हबलसारख्या अवकाश दुर्बिणी लागतात. फार दूरच्या क्वेसारची हीच रेषा मात्र ताणून दृश्य प्रकाशाकडे सरकते आणि जमिनीवरूनही टिपता येते. १९६५ मध्ये '३सी ९' या क्वेसारबाबत हेच घडलं.

कृष्णविवराचं 'वजन' कसं करतात?

कृष्णविवराभोवतीचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो. काही वायू आपल्याकडे येतो, काही दूर जातो, त्यामुळे रेषा रुंद होतात. रुंदीवरून वेग समजतो. तबकडीचा प्रकाश वाढल्यावर रेषा किती दिवसांनी उजळतात, यावरून वायूचं अंतर कळतं. वेग आणि अंतर मिळालं, की वस्तुमान काढता येतं. ३सी २७३ मधल्या वायूचं फिरणं २०१८ मध्ये चिलीतील दुर्बिणींनी अवरक्त प्रकाशात थेट मोजलं. तिथल्या कृष्णविवराचं वस्तुमान निघालं सूर्याच्या सुमारे २६ कोटी पट.